परवाना नको, तरी बंदूक अडली: जर्मनीहून आलेल्या एका एअर रायफलचं प्रकरण

रात्री सव्वादोनला येणारा फोन आमच्या धंद्यात कधी चांगला नसतो. मी कस्टम्स ब्रोकर, म्हणजे लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणारा. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'हाऊस एजंट'. रोजचं काम एअर कार्गोचं, पण ओळखीतून बॅगेजची प्रकरणंही येतात. सप्टेंबर २०२४, गणपती बसायला चार दिवस बाकी. पलीकडचा आवाज दमलेला होता, पण ठाम होता. "साहेब, कोल्हापूरहून ताईने तुमचा नंबर दिला. मी भाचीसाठी एअर रायफल आणलीय आणि हे लोक सोडत नाहीयेत. हिला परवाना लागतच नाही हो! माझ्याकडे नियम छापून आणलेत."

त्या माणसाला मी इथे मामाच म्हणेन. नाव, गाव आणि ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत. विमानतळाचंही नाव लिहीत नाही. गरजही नाही, कारण देशातल्या कुठल्याही विमानतळावर हे असंच झालं असतं.

मामा जर्मनीत एका कारखान्यात डिझाइनमध्ये कामाला. तिथल्या गावच्या नेमबाजी क्लबचे सभासद. भाची पंधरा वर्षांची, कोल्हापुरात दहा मीटर एअर रायफलचा सराव करणारी. ते वर्षच तसं होतं. ऑगस्टच्या पहिल्याच तारखेला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं होतं आणि सगळ्या जिल्ह्याची पोरं रेंजवर जायचा हट्ट धरून बसली होती. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात असा हट्ट काही नवा नाही. क्लबच्या रायफलवर तीन-चार मुलांनी पाळीपाळीने सराव करायचा, आपली वेळ आली की आधीच्याने बदललेला गालाचा आधार पुन्हा आपल्या मापाला लावायचा, त्यात दहा मिनिटं जायची. मामांनी ठरवलं, पोरीला स्वतःची रायफल द्यायची. क्लबमधल्या एका निवृत्त सभासदाकडून वापरलेली मॅच, म्हणजे स्पर्धेची, रायफल घेतली. हाताने लिहिलेली पावती, बाराशे युरो.

आणि मामांनी अभ्यास केला होता, हे मला आधीच सांगायला हवं. बेफिकीर माणूस नव्हता. विमान कंपनीला आधी कळवलं होतं, चेक-इनला बंदूक जाहीर केली होती, हवेचं सिलिंडर रिकामं करून वेगळं काढलं होतं. पेटीला शस्त्राचा टॅग होता. इथे उतरल्यावर पेटी पट्ट्यावर आलीच नाही. कंपनीच्या माणसाने ती थेट कस्टम्सच्या काउंटरवर आणून दिली. म्हणजे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता. मामांच्या हातात एक प्लॅस्टिक फाइल, तिच्यात आर्म्स रूल्स २०१६ ची पानं, ओळींवर पिवळा हायलायटर.

त्यांचं गणितही बरोबर होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली २०१६ साली नवे नियम आले. त्यांत एअरगनची रेघ अशी आखली आहे: नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा, म्हणजे साधारण १५ फूट-पाउंडांपेक्षा जास्त असेल किंवा बोअर (नळीचं भोक) ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, तर परवाना. त्याच्या आत असेल, तर जवळ बाळगायला परवाना लागत नाही. जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक याच आतल्या बाजूची. मामांची रायफल साडेचार मिलिमीटरचीच. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १६८ मीटर वेगाने सुटला, तर ऊर्जा होते साडेसात ज्यूलच्या आसपास. शिवाय रायफलच्या अंगावर पंचकोनात 'एफ' कोरलेला होता. जर्मनीत साडेसात ज्यूलच्या आतल्या एअरगनवर हा शिक्का असतो. तो असला की अठरा वर्षांवरचा माणूस ती दुकानातून सरळ विकत घेतो. आपली मर्यादा २० ज्यूल, तिकडची साडेसात. मामांच्या हिशेबाने ते मर्यादेच्या निम्म्याही नव्हते.

शुल्काचीही त्यांनी तयारी ठेवली होती. तेव्हा पन्नास हजारांपर्यंत सामान माफ होतं, वरच्यावर ३५ टक्के आणि त्यावरचा अधिभार धरून साडेअडतीस. तेवढे पैसे त्यांनी बाजूला काढले होते. "शुल्क घ्या आणि सोडा," असं ते तासभर काउंटरवर सांगत होते.

काउंटरवरचा अधिकारी तरुण होता, बोलण्यावरून विदर्भातला वाटला. त्याने फाइल शांतपणे वाचली आणि जे विचारलं ते मामांनी मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. "सर, हे सगळं बरोबर आहे. पण हे बाळगायचं झालं. आणायचं कुठे लिहिलंय?"

सगळं प्रकरण त्या एका प्रश्नात आहे.

बंदूक जवळ बाळगणं हा गृह खात्याचा विषय आहे. ती देशात आणणं हा त्या खात्यासोबतच वाणिज्य मंत्रालयाचाही विषय आहे आणि दारावर उभं असलेलं कस्टम्स दोघांचीही कागदपत्रं मागतं. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली प्रत्येक मालाला आयात धोरणात एक शब्द जोडलेला असतो: फ्री, रिस्ट्रिक्टेड किंवा प्रोहिबिटेड. एअरगनचं शीर्षक, म्हणजे मालाच्या वर्गवारीतला क्रमांक, ९३०४. त्यात स्प्रिंग, हवा किंवा गॅसवर चालणाऱ्या बंदुका आणि पिस्तुलं येतात. त्यापुढे शब्द आहे रिस्ट्रिक्टेड. म्हणजे परदेशी व्यापार महासंचालनालयाची परवानगी हातात असल्याशिवाय माल आणायचा नाही. तिथे ज्यूल विचारले जात नाहीत. साडेसात असोत की पंचवीस, शीर्षक एकच. छर्रे ९३०६ मध्ये, सुटे भाग ९३०५ मध्ये, तेही तसेच अडलेले. मामांच्या पेटीत पाचशे छऱ्यांचे चार डबेही होते.

मामांचा पुढचा मुद्दा असा, की मी व्यापारी नाही, हे माझं वैयक्तिक सामान आहे. प्रवाशाच्या सामानाला आयात धोरणातून सूट असते हे खरं. १९९३ चा तसा आदेशच आहे. पण ती सूट बॅगेज नियमांत बसेल तेवढ्यापुरतीच. आणि त्या वेळच्या बॅगेज नियम २०१६ च्या पहिल्याच परिशिष्टात, माफीच्या यादीतून वगळलेल्या वस्तूंत, पहिल्याच क्रमांकावर शब्द आहे 'फायर आर्म्स'. कस्टम्सच्या प्रवासी मार्गदर्शिकेत तर बंदुका बॅगेजमधून आणायला सक्त मनाई असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

"पण एअर रायफल म्हणजे फायर आर्म कशी? हिच्यात फायर कुठेय?" मामा. प्रश्न बिनतोड वाटतो. मलाही पहिल्यांदा, वीसेक वर्षांपूर्वी, असाच वाटला होता. उत्तर शस्त्र कायद्याच्या दुसऱ्या कलमात आहे. फायरआर्म म्हणजे स्फोटकाच्या 'किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या' जोरावर प्रक्षेपक सोडणारं कुठलंही शस्त्र. दाबलेली हवा ही अन्य प्रकारची ऊर्जा. आग असो नसो, कायद्याच्या लेखी ती फायर आर्म. परवान्यातून मिळालेली सूट म्हणजे व्याख्येतून मिळालेली सूट नव्हे. टोलमाफ केलेली गाडी ही गाडीच असते.

मामांच्या फाइलमध्ये एक पान असं होतं, की ज्यावर त्यांनी हायलायटर मारला नव्हता आणि मला मात्र त्यातच थोडा ऑक्सिजन दिसत होता. शस्त्र कायद्याचं कलम १०. शस्त्र देशात आणायला परवाना लागतो, पण ज्याला कायद्याने ते शस्त्र बाळगायला मनाई नाही, तो स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात ते परवान्याशिवाय आणू शकतो, असा त्याला अपवाद आहे. वाचून कुणालाही वाटेल की संपलं, सुटलो. पण त्याच कलमाच्या पुढच्या पोटकलमात आहे, की कस्टम्स आयुक्तांना या अपवादाबद्दल, प्रमाणाबद्दल किंवा वापराबद्दल शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत ते शस्त्र अडकवून ठेवू शकतात. आणि 'स्वतःच्या' या शब्दाचं काय? रायफल भाचीची होती. मामांनी काउंटरवर पहिल्याच वाक्यात ते सांगून टाकलं होतं. प्रामाणिक माणसाची हीच गंमत असते. वर, हा अपवाद शस्त्र कायद्यापुरता. परकीय व्यापार कायद्याची अट त्याने उठत नाही. दोन कुलपांच्या दारात एक किल्ली घेऊन उभं राहण्यासारखं.

त्या रात्री फोनवर मी मामांना मोजकं सांगितलं. वाद घालू नका. 'खेळणं आहे' असं चुकूनही म्हणू नका, कारण मग चुकीच्या वर्णनाचा आरोप येतो, आणि खेळण्यांनाही २०२१ पासून आयएसआयचा शिक्का सक्तीचा आहे, म्हणजे आगीतून फुफाट्यात. डिटेन्शन रिसीट, आमच्या भाषेत डीआर, घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, आणि तिच्यात रायफलचा सिरियल नंबर, सिलिंडरचा नंबर, पंचकोनातला 'एफ' आणि पेटीवर कंपनीचा शस्त्राचा टॅग होता हे, सगळं लिहून घ्या. शेवटचं त्यांना क्षुल्लक वाटलं. प्रकरणाचा निकाल पुढे त्या टॅगवरच फिरला.

मी डीआर दुसऱ्या दिवशी पाहिली. वर्णन नीट होतं, एक सोडून. किंमत. अधिकाऱ्याने बाराशे युरोंची हस्तलिखित पावती बाजूला ठेवून मोबाइलवर नव्या रायफलची किंमत काढली होती आणि तीच लिहिली होती, दुपटीहून जास्त. यात त्याचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. हस्तलिखित पावतीवर कोण विश्वास ठेवणार? पण फोटो पाहिले तर बटवर घामाने उतरलेला रंग, ट्रिगरच्या पात्यावर झिजलेलं काळं आवरण आणि सिलिंडरवर ठोकलेलं उत्पादनाचं साल, २०१६. रायफल वापरलेली आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मामांना मी त्यांच्या बँकेचं स्टेटमेंट काढायला लावलं. त्यात त्याच रकमेची, त्याच आठवड्यातली नोंद होती. ती पुढे चालली.

खरी अडचण दुसरी होती. विमानात भरायच्या कस्टम्सच्या फॉर्मवर तेव्हा विचारलेलं असायचं, खालीलपैकी काही आणत आहात का? यादीत पहिलंच: प्रतिबंधित वस्तू. मामांनी 'नाही'वर खूण केली होती. त्यांच्या मते वस्तू प्रतिबंधित नव्हतीच, मग हो कशाला म्हणायचं? पण कस्टम्स कायद्याच्या कलम ८० ची सोय, म्हणजे अडलेली वस्तू इथेच ठेवा आणि जाताना परत न्या ही साधी आणि बिनखर्चाची वाट, ज्याने कलम ७७ खाली खरं निवेदन केलं त्यालाच मिळते. मामांच्या एका टिकने ती वाट अंधुक करून टाकली.

आता 'रिस्ट्रिक्टेड' म्हणजे 'प्रोहिबिटेड' का? सामान्य माणूस म्हणेल नाही, शब्दच वेगळे आहेत. घोडं नेमकं इथेच पेंड खातं, आणि हे मी गमतीने म्हणत नाही, कारण या प्रश्नावरचा जुना दाखला खरोखर एका घोडीचा आहे. शेख मोहम्मद ओमर विरुद्ध कलेक्टर ऑफ कस्टम्स, कलकत्ता. परदेशातून आणलेली एक घोडी. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मनाई पूर्ण असो वा अंशतः, ती मनाईच. निर्बंध हाही एका मर्यादेपर्यंत मनाईच असतो. २००३ च्या ओम प्रकाश भाटिया प्रकरणात तेच पुढे गेलं: अटी पाळल्या नाहीत तर तो माल प्रतिबंधित मालच समजायचा. आणि २०२१ मध्ये राज ग्रो इम्पेक्स प्रकरणात वाटाण्यासारख्या कडधान्यांच्या आयातीवर बोलताना न्यायालयाने तीच रेघ ठळक केली, इतकी की माल सोडवायची मुभासुद्धा दिली नाही. घोडी आणि वाटाणे यांनी कोल्हापूरच्या पोरीच्या रायफलचं भवितव्य ठरवावं, हे कायद्याच्या जगात अगदी नेहमीचं.

याचा व्यवहारात अर्थ असा. कलम १२५ खाली जप्त माल दंड भरून सोडवायचा पर्याय साध्या मालाला द्यावाच लागतो. प्रतिबंधित मालाला तो द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर. इंग्रजी मूळ कलमातला हा 'मे' आणि 'शॅल'मधला फरक आहे. सोन्याच्या प्रकरणांत याच फरकावर लोकांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

त्याच संध्याकाळी मामा, त्यांची ताई आणि ताईंचे मालक तिघे माझ्या ऑफिसात आले. ताई रात्रीच्या गाडीने निघून आल्या होत्या. "भाऊ, लायसन काढायचं असंल तर आत्ता काढू की. कलेक्टर कचेरीत आमची ओळख हाय." त्यांना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. कलेक्टर कचेरी बाळगण्याचा परवाना देते, तो इथे लागतच नाही. लागतो तो आयातीचा, तो दिल्लीहून, आणि तो माल निघायच्या आधी हवा. पोरगी जन्मल्यावर तिच्या आईबापाच्या लग्नाचा मुहूर्त काढल्यासारखं आता अर्ज करून काही होणार नव्हतं. मालकांनी एकच विचारलं, "भांडलो तर?" भांडता येतं. बॅगेजच्या प्रकरणात साठ दिवसांत आयुक्त अपील्सकडे जायचं, तिथे हरलो तर ट्रिब्युनल नाही, थेट केंद्र सरकारकडे रिव्हिजन. तोवर रायफल कस्टम्सच्या कोठारात. मामांचं परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर होतं. मॅच रायफलला दमट कोठारात वर्षभर ठेवणं म्हणजे तिला मारणं.

कुणीतरी हळूच एक वाटही सुचवली, जी प्रत्येक वेळी कुणीतरी सुचवतंच. सुटी करून कुरियरने पाठवली असती तर? नळी एकदा, बट एकदा. मी तिथेच हात जोडले. भागांचं शीर्षकही अडलेलं आहे, शस्त्र कायद्याच्या व्याख्येत भागही शस्त्रच, आणि सरळ आणलेल्या बंदुकीवर जी सहानुभूती मिळते ती तुकडे करून पाठवलेल्या बंदुकीवर मिळत नाही. तिथे हेतूच दिसतो. 'गिफ्ट' म्हणून पाठवायची पळवाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेटवस्तूच्या नावाखाली टपालाने, कुरियरने आयात करायला मनाई झाली.

आम्ही ठरवलं ते असं: रायफल इथे सोडवायचा आग्रहच धरायचा नाही. परत नेण्याची परवानगी मागायची. मामांनी लेखी दिलं, की लेखी नोटिशीची गरज नाही, तोंडी पुरे, लवकर सुनावणी घ्या. कलम १२४ मध्ये ती सोय आहे, आणि परत जाणाऱ्या प्रवाशाने ती न वापरणं हा वेडेपणा. नवव्या दिवशी सुनावणी लागली.

सुनावणीत सहायक आयुक्तांनी पहिल्यांदा विचारलं ते ऊर्जेबद्दल. साडेसात ज्यूल हे कोण म्हणतंय? मी शिक्का दाखवला. ते म्हणाले, शिक्का जर्मन कायद्याचा, माझ्यावर तो बंधनकारक नाही, शस्त्रतज्ज्ञाकडे पाठवू का? त्यांचं बरोबर होतं, पण तज्ज्ञाकडे पाठवणं म्हणजे तिकीट गेलं. मी म्हटलं, साहेब, आम्ही ती देशात मागतच नाही. बाहेर जाणाऱ्या बंदुकीचे ज्यूल मोजून काय मिळणार? त्यावर ते हसले नाहीत, पण फाइलवर काहीतरी लिहिलं. मग आला फॉर्मवरचा 'नाही'. इथे टॅग कामाला आला. ज्या माणसाने निघतानाच बंदूक जाहीर केली, जिची पेटी कंपनीने स्वतः कस्टम्सच्या हाती दिली, तो लपवत होता असं कसं म्हणायचं? चूक समजुतीची आहे, हेतूची नाही. मामांना त्यांनी विचारलं, तुम्ही इतकं वाचलंत, मग आयात धोरण का नाही वाचलंत? मामा म्हणाले, "सर, ते वेगळं असतं हेच माहीत नव्हतं." माझ्या मते सगळ्या सुनावणीतलं सर्वात उपयोगाचं वाक्य ते होतं आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

आदेश चार दिवसांनी आला. कलम १११ खाली रायफल आणि छर्रे जप्त. पण फक्त परत निर्यात करण्यासाठी, दंड भरून सोडवायची मुभा. किंमत बँकेच्या नोंदीप्रमाणे धरली, त्यामुळे दंड आवाक्यात राहिला. वर कलम ११२ खाली वैयक्तिक शास्ती, लहानशी. दोन्ही मिळून मामांनी शुल्कासाठी बाजूला काढलेल्या रकमेत बसलं, हा योगायोग. शूटिंगचं जाड जॅकेट, पँट आणि हातमोजा पहिल्याच रात्री सुटले होते. ते कपडे आहेत, शस्त्र नव्हेत.

परतीच्या दिवशी पुन्हा वेगळी धावपळ. शस्त्राची पेटी नेणार हे कंपनीला आधी कळवावं लागतं, तेही लेखी. चलनाची प्रत, आदेशाची प्रत, मूळ डीआर. कोठारातून पेटी कस्टम्सच्या शिपायासोबत थेट कंपनीच्या काउंटरवर. मामांनी ती एकदा उघडून पाहिली. फोमच्या खाचेत नळीवर बोट फिरवलं, गंज नव्हता, आणि झाकण लावलं. एवढंच.

भाचीचं काय, हे ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी. परदेशी रायफल हवीच असेल तर रस्ता आहे, पण तो मामांच्या पेटीतून जात नाही. आयात धोरणात नामांकित नेमबाजांना आणि रायफल क्लबांना स्वतःच्या वापरासाठी शस्त्रं आणायची वाट ठेवली आहे, क्रीडा खात्याच्या शिफारशीवर. नामांकित म्हणजे राष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक गुण मिळवून तसा दर्जा मिळालेला. कागद राज्य संघटनेकडून राष्ट्रीय रायफल संघटनेकडे, तिथून पुढे. पंधरा वर्षांच्या पोरीला हे आज जमणार नाही, पण तिच्या क्लबला जमू शकतं. क्लबच्या नावाने रायफल आली तर ती चौघांत वाटली जाईल, हे ताईंना आवडलं नाही. दुसरी वाट म्हणजे रीतसर आयात झालेली रायफल इथल्याच अधिकृत विक्रेत्याकडून घेणं. किंमत चढी, पण कागद स्वच्छ. आणि सुरुवातीच्या सरावाला देशी रायफलीही आता वाईट नाहीत. ठाण्याची प्रीसिहोल तर आपल्याच दारात आहे.

मॅच रायफलच्या नादात आणखी एक गोष्ट लोक विसरतात. तिचं सिलिंडर दहा वर्षांनी वापरातून काढा असं उत्पादकच सांगतात. मामांच्या सिलिंडरवर २०१६ होतं. सुटून आली असती तरी दोन वर्षांत नवं सिलिंडर आणायचा प्रश्न उभा राहिलाच असता, तोही परदेशातून. रायफलचं लहान सिलिंडर आपल्या गॅस सिलिंडर नियमांच्या कक्षेत येत नाही, ते नियम ५०० मिलिलिटरच्या वरच्या भांड्यांना लागतात. पण ते भरायला लागणारं मोठं सिलिंडर येतं, आणि ते नियम राबवणाऱ्या खात्याचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरात. तिथला अनुभव पुन्हा कधीतरी.

आणि उद्या ही पोरगी स्पर्धेसाठी बाहेर गेली, तर जाताना कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यायचं, सिरियल नंबरासह. नाहीतर आपलीच बंदूक परत आणताना नवी आयात ठरते. सर्टिफिकेट असूनही वेळ जातोच. मे २०१७ मध्ये परदेशातली स्पर्धा संपवून आलेले भारतीय नेमबाज बंदुकांच्या तपासणीपायी दिल्ली विमानतळावर तासन्तास ताटकळले होते आणि अभिनव बिंद्राने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. राष्ट्रीय संघाची ही गत, तर मामांनी फार मनाला लावून घेऊ नये असं मी त्यांना म्हटलं होतं.

मध्यंतरी मामांचा पुन्हा फोन आला, या वेळी दिवसा. कायमचं परत यायचं चाललंय. "साहेब, आता तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स. आता माझीच बंदूक, माझ्याच वापरासाठी." नियम मला पाठ आहे. कायम परत येणाऱ्याला एक बंदूक आणता येते, जर ती परदेशात किमान वर्षभर त्याच्या ताब्यात आणि वापरात असेल. शुल्क भरावं लागतं, आणल्यावर ती विकता किंवा उसनी देता येत नाही. इथवर मामा बसतात. रायफल तेव्हापासून त्यांच्याच कपाटात आहे, क्लबच्या वहीत दर शनिवारी त्यांची सही आहे. भाचीला ती द्यायची नाही एवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

शेवटची अट मात्र अशी, की प्रवाशाकडे त्या बंदुकीचा भारतातला वैध शस्त्र परवाना हवा.

"पण हिला परवाना लागतच नाही," मामा म्हणाले. मग दोघेही गप्प झालो. लागत नाही म्हणून कलेक्टर कचेरी देणार नाही, आणि नाही म्हणून कस्टम्स सोडणार नाही. मी आयुक्तालयाला आधीच लेखी विचारणा करायला सांगितली आहे, बंदूक जर्मनीतून हलायच्या आत. मसुदा माझ्या टेबलावर आहे. पहिल्या परिच्छेदात ज्यूल लिहायचे की नाही, यावर अजून आमचं ठरत नाहीये.